सत्तावीस नंबरचा दस्ता

चारुदत्त आठल्यांनी जन्मात एकदाही बंदूक झाडली नव्हती. दिवाळीतली टिकल्यांची सोडली, तर हातातसुद्धा धरली नसेल. पण जुन्या लष्करी रायफलींचा विषय निघाला की सिंगापुरातल्या मराठी मंडळींच्या तोंडी त्यांचंच नाव यायचं, आणि ते यावं म्हणून आठल्यांनी मेहनतही भरपूर घेतली होती. नोकरी बँकेत, घर बिशानला, दोन्ही चोख. बाकी सगळा जीव पहिल्या महायुद्धातल्या थ्री-नॉट-थ्रीवर.

आता या गावात घरी बंदूक ठेवायची म्हणजे भलतंच. म्हणून आठल्यांनी आपली वाट काढली होती. बंदूक नाही, पण बंदुकीच्या आगेमागे जे जे असतं ते सगळं. कातडी पट्टे, पितळेच्या तेलाच्या कुप्या, नळीवरची टोपणं, आणि दस्ते. दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग. असे पाच दस्ते त्यांच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात ओळीनं उभे होते. त्यांची बायको सुलेखा आल्यागेल्याला सांगायची, "लोकांच्या घरी अर्धवट ज्ञान असतं, आमच्याकडे अर्धवट बंदुका आहेत."

ज्ञान मात्र अर्धवट नव्हतं, हे कबूल करायला हवं. लंडनचे, मेलबर्नचे संग्राहक त्यांना फोटो पाठवायचे आणि आठल्ये इथं बसून सांगायचे, ही अस्सल, ही चार बंदुकांची जोडाजोड, ही लिलावात चांगली जाईल, हिच्या नादी लागू नका. इंटरनेटवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये नव्या माणसाला ते दोन गोष्टी पढवायचे. पहिली, लाकडावर कोरलेलं साल हे बंदुकीच्या जन्माचं असतं, नोकरीचं नव्हे. एकेक रायफल तीस-तीस वर्षं या पलटणीतून त्या पलटणीत फिरायची. दुसरी, दस्त्यावर रुपयाएवढी पितळी चकती असते, तिच्यावर पलटणीचं नाव नि बंदुकीचा नंबर ठोकलेला असतो. स्क्रू काढून ती चकती उलटून बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. या दोन गोष्टी आठल्ये झोपेतसुद्धा सांगू शकले असते. आणि नेमका भरल्या सभेत त्यांना त्या दोन्हींचा विसर पडला.

झालं ते असं. मराठी मंडळानं कम्युनिटी क्लबात एक खोली घेऊन 'आजोबांच्या पेटीतून' असा कार्यक्रम ठेवला होता. ज्यानं त्यानं घरातली जुनी वस्तू आणायची आणि जाणकारांनी तिच्याबद्दल चार शब्द सांगायचे. नाण्यांना एक जाणकार, पैठण्यांना दुसऱ्या बाई, आणि हत्यारांना अर्थातच आठल्ये. खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर, गळ्यात भिंग, असे ते अगदी डॉक्टर होऊन बसले होते. विवेक म्हणून एक पोरगेलासा अकाउंटंट आजोबांची संगीन घेऊन आला. आठल्यांनी तिची मूठ खोलली, आतला शिक्का बघितला, आणि मग म्हणाले, "अस्सल आहे रे. तेल लावून ठेव." एका बाईंची कट्यार निघाली पर्यटकांना विकतात तसली, तर तेही त्यांनी बाईंना बाजूला घेऊन हळूच सांगितलं.

मग नाव पुकारल्यावर यादवराव बनसोडे आले. पंच्याहत्तरीचे, टेलिफोन खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मुलगा धम्मानंद वुडलँड्सला राहायचा, त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. सोबत तेरा वर्षांची नात, ऋचा. तिला शाळेसाठी घराण्याच्या इतिहासावर प्रोजेक्ट करायचा होता, म्हणून ती फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती. यादवरावांनी टॉवेलमध्ये गुंडाळलेला दस्ता टेबलावर ठेवला.

"हा माझ्या वडिलांच्या रायफलीचा दस्ता," ते म्हणाले. "आबा एक्केचाळीसला बेळगावला भरती झाले. महार रेजिमेंट उभी राहिली ना, तेव्हाच. पुढे दस्त्याला ही चीर गेली नि तो मोडीत निघाला, तेव्हा आबांनी साहेबाकडून मागून घेतला. रायफलीचा नंबर सत्तावीस. आमची आई त्यावर बोट ठेवून दाखवायची."

आठल्यांनी दस्ता हातात घेतला आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. चौदा सालचं लाकूड, कारखान्याचा गोल शिक्का ठसठशीत, आणि पितळी चकती जागच्या जागी. युद्धाच्या धामधुमीत या चकत्या बसवणंच बंद झालं होतं, त्यामुळे चकतीसकट दस्ता म्हणजे दुर्मीळच. त्यांनी भिंग लावलं. चकतीवर मराठा पलटणीची अक्षरं होती, खाली नंबर तीनशे बारा, आणि या सगळ्यावरून आडवी गेलेली एक बारीक रेघ.

"काका, इथं सत्तावीस कुठाय?" आठल्ये म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा, शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून. "इथं तीनशे बारा आहे. शिक्का मराठा पलटणीचा. आणि साल बघा, एकोणीसशे चौदा. त्या काळात म्हणजे... तुमच्या लोकांची भरती बंदच होती ना."

"पण आबा तर एक्केचाळीसला—"

"अहो काका, घरोघरी अशा गोष्टी असतात. आमचे आजोबासुद्धा पेशव्यांच्या तोफखान्याचं सांगायचे." लोक हसले. आठल्यांना हशा मिळाला की थांबवत नाही. "हे कुठल्यातरी जुन्या बाजारातून आलेलं असणार. वस्तू मात्र झकास. फक्त कुणीतरी खिळ्यानं हा ओरखडा मारून ठेवलाय, तेवढं वाईट झालं."

ऋचानं फोन खाली घेतला. यादवरावांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. स्क्रूड्रायव्हर आठल्यांच्या खिशातच राहिला.

चहाच्या वेळी यादवराव त्यांच्याजवळ आले. "आठल्ये साहेब, हा तुमच्याकडेच असू द्या. आबांचा नसेल तर मी परत नेऊन काय करू? येतानाच धम्मानं सगळीकडे विचारपूस करून, परवानगीची उस्तवार करून आणवला. तुम्हाला कदर आहे, नीट जपाल."

आठल्ये "छे छे, असं कसं" म्हणाले. एकदाच म्हणाले, तेही तोंडदेखलं, आणि दस्ता बगलेत मारून घरी आले. वाटेत एमआरटीच्या गाडीत, कार्यक्रमाला सोबत आलेली सुलेखा गप्प होती. ती गप्प असली की काहीतरी शिजत असतं.

"तुमच्या लोकांची म्हणजे काय हो?" बिशानला उतरताना तिनं विचारलं.

"इतिहास आहे तो, सुलेखा. इंग्रजांनीच भरती बंद केली होती. मी थोडीच केली?"

"असेल. मला मान वर करवेना, एवढं खरं."

आठल्यांना तिचा राग आला. बायकांना इतिहास कळत नाही, असं काहीसं ते मनात म्हणाले, आणि कपाटात सहावा दस्ता उभा राहिला.

पुढचे काही आठवडे ते खुशीत होते. मग एका रविवारी सकाळी त्यांनी दस्त्याचे फोटो ग्रुपवर टाकले. वाहवा झाली. कुणी किंमत विचारली, कुणी विकणार का म्हणून विचारलं. मेलबर्नच्या एका म्हाताऱ्या संग्राहकानं मात्र एवढंच लिहिलं होतं की चकतीची मागची बाजू दिसत नाही, आणि नियम तर तुझाच आहे.

आठल्ये हसले. स्क्रूड्रायव्हर आणला. स्क्रू सहज फिरला, नेहमी काढला-लावला जात असल्यासारखा. चकती तळहातावर पालथी पडली. त्या बाजूची अक्षरं घासून घासून पुसट झाली होती, पण खिडकीपाशी तिरपी धरली तेव्हा नीट वाचता आली. महार, असं इंग्रजीत. शेजारी पलटणीचा आकडा, खाली एक्केचाळीस साल. आणि सगळ्यात खाली सत्तावीस.

आठल्ये खाली बसले. जुनी रायफल नव्या पलटणीला दिली की आधीच्या नावावर आडवी रेघ मारायची, चकती उलटायची आणि मागच्या बाजूला नवं नाव ठोकायचं, ही सैन्याची साधी रीत. ज्याला त्यांनी खिळ्याचा ओरखडा म्हटलं, ती हीच रेघ. चकती मागाहून घरात कुणीतरी उलटी बसवली होती, बस. दहा जणांना त्यांनी ही रेघ ओळखायला शिकवलं होतं. यादवरावांचा शब्द नि शब्द खरा होता, आणि तो खोटा पाडून, वर त्यांच्याच बापाचा दस्ता आठल्यांनी आपल्या कपाटात आणून ठेवला होता. कान इतके तापले की त्यांनी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

माणूस मोठा चलाख असतो. शरमेतसुद्धा पळवाटा शोधतो. दस्ता कुरियरनं पाठवून द्यावा, सोबत दोन ओळी. किंवा मंडळाच्या ग्रुपवर 'नवीन माहितीनुसार' म्हणून एक मेसेज टाकावा. किंवा यादवराव भारतात परत जाईपर्यंत थांबावं, मग काय, बघू. आठल्यांची लेक अनुया सोफ्यावर आडवी पडून त्यांच्या येरझाऱ्या बघत होती. काय झालंय हे तिला माहीत नव्हतं. "बाबा, जे काय असेल ते, जस्ट से सॉरी लाह," ती फोनमधून डोकं न काढता इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली.

सॉरी म्हणायला आठल्यांची ना नव्हती. सॉरी कशाबद्दल, तिथं गाडी अडत होती. चकती बघितली नाही याबद्दल सॉरी म्हणता येत होतं. पण का बघितली नाही? विवेकच्या संगिनीची मूठ खोलली होती. त्या बाईंची खोटी कट्यारसुद्धा दोनदा उलटीपालटी केली होती. हा प्रश्न मनात आला की आठल्ये उठून काहीतरी दुसरं करायचे, झाडांना पाणी घालायचे. अख्खा आठवडा झाडांना इतकं पाणी मिळालं की तुळस पिवळी पडली.

शेवटी सुलेखानंच दस्ता टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातला आणि पिशवी दारात ठेवली. "जा," एवढंच म्हणाली.

वुडलँड्सच्या त्या इमारतीत लिफ्टमधून उतरून लांबलचक कॉरिडॉर चालताना आठल्ये वाक्यं पाठ करत होते. सगळी वाक्यं चकतीबद्दलची होती. दार धम्मानंदनं उघडलं. "या," म्हणाला, आणि बाजूला झाला. हसला नाही. यादवराव खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. शेजारी त्यांच्या पत्नी नंदाताई शेंगा सोलत होत्या. आतल्या टेबलावर ऋचा लॅपटॉप उघडून बसली होती.

आठल्ये बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी दस्ता काढला, चकती आता सुलट लावलेली होती, आणि यादवरावांच्या मांडीवर ठेवला. "काका, माझी चूक झाली. हा तुमच्या वडिलांचाच आहे. सत्तावीस नंबर मागच्या बाजूला होता."

यादवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दस्ता डोळ्यांशी नेला. मग आकड्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"म्हणजे आई खरंच इथं बोट ठेवायची," ते म्हणाले. "मला वाटलं, मीच लहानपणी काहीतरी भलतं धरून बसलो." मग ते आठल्यांकडे न बघता बोलत राहिले. "तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून मी आबांशी मनातल्या मनात भांडत होतो. का खोटं बोललात म्हणून. बाजारातून लाकूड आणून आम्हाला का फसवलंत म्हणून. पन्नास वर्षं झाली त्यांना जाऊन. गावी भावाला फोन करून सांगितलं, भिंतीवरची दस्त्याची जागा मोकळी राहू दे, आता तिथं काही लावायचं नाही. तुम्ही जाणकार माणूस. मला वाटलं, जाणकार सांगतोय तर तसंच असणार."

आठल्यांना जमीन दुभंगावी असं वाटलं. चौदाव्या मजल्यावर तीही सोय नव्हती.

तेवढ्यात नंदाताईंनी शेंगांचं ताट खाली ठेवलं. "अगंबाई, मग ती मीच उलटी बसवली असणार," त्या कळवळून म्हणाल्या. "सासूबाई गेल्यापासून दर चौदा एप्रिलला मीच घासते ती. स्क्रू काढायचा, चिंच लावायची, राखेनं चोळायची. एका बाजूची अक्षरं पुसट झाली होती, म्हणून एका वर्षी ठळक बाजू वर घेतली. चांगली दिसते म्हणून. माझ्या मेलीच्या लक्षातच आलं नाही. साहेबांची काय चूक त्यात? त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं."

आणि खोटं कशाला बोला, आठल्यांना हायसं वाटलं. छातीवरचा धोंडाच कुणी उचलल्यासारखं. "हो ना, होतं असं," हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. ते म्हणायचे, चहा प्यायचा, आणि चिंचेच्या माथी सगळं मारून घरी जायचं.

"थांब, नंदा," यादवराव म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच आठल्यांकडे नीट बघितलं. "आठल्ये साहेब, चकती उघडून बघायची असते का? म्हणजे, तशी पद्धत असते?"

"असते."

"तुम्ही उघडता?"

"नेहमी."

"त्या दिवशी तो मुलगा संगीन घेऊन आला होता. त्याची तुम्ही मूठ खोललीत. मी बघत होतो. मला वाटलं, माझंही आता खोलून बघतील. मग माझं का नाही बघितलंत?"

विचारण्यात राग नव्हता. टेलिफोनची लाइन कुठं तुटली हे शोधणाऱ्या माणसानं विचारावं, तसं विचारलं. पाठ केलेलं एकही वाक्य इथं उपयोगाचं नव्हतं. धम्मानंद दाराशीच हाताची घडी घालून उभा होता, आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा दिसत होता.

"गरज वाटली नाही," आठल्ये म्हणाले. मग ते उत्तर त्यांनाच पुरलं नाही. "तुमचं आडनाव ऐकलं, काका. बनसोडे. तुम्ही टेबलापाशी यायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं की हे खरं नसणार. तुमच्या लोकांकडे कुठून येणार असली वस्तू, असं. मग बघायचं काय राहिलं? आणि..." इथं ते अडखळले, "आणि तुम्ही दिलात तेव्हा घेतलासुद्धा. मला हवाच होता तो. लाज वाटते मला. मला फार लाज वाटते."

नंदाताईंनी शेंगांच्या ताटाकडे बघितलं. यादवरावांनी मान हलवली, बरं झालं अशी नाही नि वाईट झालं अशीही नाही. त्यांनी दस्ता टॉवेलवर ठेवला. आठल्यांना वाटलं, झालं, सांगून टाकलं, सुटलो. ते पिशवी उचलायला वाकले.

"आजोबा, व्हॉट डिड अंकल से?" ऋचानं आतून विचारलं. तिचं मराठी जेवणाखाण्यापुरतं. ती उठून बाहेर आली आणि दस्त्याकडे, मग आठल्यांकडे बघू लागली.

"तिनं प्रोजेक्ट बदलला," यादवराव म्हणाले. "पणजोबांचा टाकून दिला नि इथल्या चिनी लायन डान्सवर केला. मार्क चांगले मिळाले म्हणे. तिला तुम्हीच सांगा. इंग्रजीत सांगा, तिला समजेल असं."

मराठीत आडून बोलता येतं. 'तुमच्या लोकांची' म्हटलं की समजणारा समजतो आणि बोलणारा नामानिराळा राहतो. आता या पोरीला आडनावावरून काय ओळखतात इथपासून सांगायचं होतं, आणि मग हेही सांगायचं होतं की बँकेत साऱ्या जगाच्या लोकांबरोबर बसून जेवणारे अंकल तेच करत आले आहेत. आठल्यांनी धम्मानंदकडे बघितलं. तो सोडवायला येणार नव्हता. यादवरावही नाहीत.

ऋचानं खिशातून फोन काढला. "कॅन आय रेकॉर्ड?"

त्या दिवशी तिनं जिथं फोन खाली घेतला होता, तिथपासूनच तिला पुढचं हवं होतं. आठल्यांना नाही म्हणता आलं असतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, रुमालानं तोंड पुसलं, आणि हो म्हणाले.

तिनं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि आधी नाव सांगायला सांगितलं. आठल्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट.